दोरा कापडापेक्षा हळवा हवा

बडोद्यातल्या एका लहानशा प्रदर्शनात, धुऊन धुऊन विटलेल्या हिरव्या सुती नऊवारीवर काळ्या दोऱ्यानं काढलेलं एक चित्र टांगलं होतं. ओटा, ओट्यापुढे पाठमोरी उभी बाई, शेजारी पितळी पिंप, बाकी सगळं रिकामं लुगडं. काढणाऱ्या मुलीचा हात चांगला होता. बाईच्या पाठीची रेघ खांद्यापासून कमरेपर्यंत एका दमात उतरलेली, तिच्या जराशा बाकातून दिवसभराचा शीण कळावा अशी. पहिल्या दिवशी लोक त्या चित्रापुढे थांबत होते. आठवड्यानं पाहिलं तर नेमकी तीच रेघ तुटली होती. दोरा शाबूत, टाके शाबूत, फाटलं होतं ते लुगडं. टाक्याटाक्याला चिरत जाऊन तिकिटाच्या कडेला असते तशी भोकांची ओळ झाली होती. दांडिया बाजाराकडून आलेल्या एका आजींनी चष्मा कपाळावर सारून ते जवळून पाहिलं आणि मुलीला विचारलं, "दोरा कुठला घेतलास गं?" "मशीनचाच, आजी. पक्का असतो तो." "पक्का आहे म्हणून तर! जुन्या लुगड्याला पक्का दोरा लावू नये, बाळ. तो लुगड्याला कापतो." एवढं बोलून आजी पुढच्या चित्राकडे गेल्या. त्यांचं वाक्य मात्र मनातून हलेना. आजीचं लुगडं, आईचा पदर, हरवलेलं घर, दुसऱ्याचं दुःख असे विषय घेऊन कापडावर काम करणारे चित्रकार आज पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक विषयाबद्दल असतं. दोरा कुठला घेतला, हे कुणी विचारत नाही.

आजी म्हणाल्या ते अक्षरशः खरं आहे. शिवणयंत्राचा आजचा दोरा बहुतेक पॉलिएस्टरचा असतो आणि तेवढ्याच जाडीच्या सुती दोऱ्यापेक्षा बराच चिवट असतो. तीस-चाळीस वर्षं वापरलेल्या, शेकडो वेळा धुतलेल्या सुताचा तंतू आधीच झिजलेला. त्यावर ताण आला की दोघांपैकी एकानं तुटायचं असतं, आणि जो दुबळा तोच तुटतो. त्यातून पावसाळा आला की दोघांचं वागणं आणखी वेगळं होतं. सूत हवेतली ओल शोषतं, साधारण हवेत आठेक टक्के, दमट हवेत त्याहून जास्त. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. जूनमध्ये बडोद्याची हवा दमट झाली की लुगडं फुगतं, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा आकसतं. दोरा आहे तिथेच राहतो. या हालचालीत टाक्याचं भोक रोज थोडं थोडं घासलं जातं. सुती दोरा असता तर तोही कापडाबरोबर हलला असता, आणि फारच ताण आला असता तर आधी दोरा तुटला असता. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो. चिरलेलं लुगडं पुन्हा विणता येत नाही.

गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर लांबी आणि पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस इंचांचा पन्ना. दोन लुगड्यांचं मिळून जवळजवळ २०० चौरस फूट कापड होतं. पाच बाय सात फुटांच्या गोधडीच्या एका थराला ३५ चौरस फूट लागतं, म्हणजे अगदी विरलेला भाग काढून टाकला तरी चार-पाच थर निघतात. मऊ, विरलेलं कापड पोटात जातं, त्यातल्या त्यात धड असलेलं वर आणि खाली. थर जमिनीवर पसरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, तळव्यानं हवा बाहेर काढायची, आणि कडेकडेनं धावदोरा घालत फिरत फिरत मध्याकडे यायचं. आधी कच्चे टाके घातले नाहीत तर कडेपासून सरकत आलेला सगळा फुगा शेवटी मधोमध साचतो आणि तिथे चुण्या पडतात. बंगालमधल्या कांथा करणाऱ्या बायका तर दोराही जुन्या साडीच्या काठातून उसवून काढत. काटकसर त्यात होतीच. पण त्यामुळे दोरा आणि कापड एकाच वयाचे व्हायचे, एकाच पाण्यात धुतलेले, सारखेच थकलेले. कोण कुणाला कापणार?

बडोद्याच्या कलाशिक्षणाला रेघेचं वेड आहे, आणि ते मला मनापासून आवडतं. १९५० मध्ये सुरू झालेल्या इथल्या ललित कला विद्याशाखेत चित्रकार नसरीन मोहमदी १९७२ पासून शिकवत होत्या. १९९० साली अलिबागजवळ किहीमला त्यांचं निधन झालं. पेन्सिल, शाई आणि पट्टी एवढ्यावर त्यांनी रेघांचं जे विश्व उभं केलं ते पाहिलं की मागावर ताणलेल्या ताण्याची आठवण येते. त्या रेघा दूरदूर जातात, विरळ होतात, कुठे एकमेकींना छेदतात. पण कागदावरच्या रेघेची सवय घेऊन कुणी सुई हातात धरतं तेव्हा एक गोष्ट हटकून निसटते. पेन्सिलीची रेघ कागदावर नुसती असते, दोऱ्याची रेघ कापडाला धरते आणि ओढते. जिथे चित्रकार जोर देतो, म्हणजे वळणावर, कोपऱ्यावर, डोळ्याच्या कडेला, तिथेच टाके आखूड आणि दाट होतात, तिथेच भोकं जास्त पडतात. चित्राची सगळ्यात बोलकी जागा ती कापडाची सगळ्यात दुबळी जागा होऊन बसते.

कागदावरची रेघ तरी नेहमी निरुपद्रवी कुठे असते? लोह आणि मायफळाच्या जुन्या शाईनं कित्येक हस्तलिखितांची पानं अक्षरांच्या आकारात खाल्ली आहेत. तीच गोष्ट बडोद्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अहमदाबादेत 'माता नी पछेडी'च्या कापडावर घडते. देवळात प्रवेश नाकारलेल्या लोकांनी कापडावरच देऊळ रंगवलं, मधे माता, भोवती भक्त आणि गोष्टी. आठवणीचं आणि अपमानाचंही इतकं उघड, इतकं देखणं कापड दुसरं क्वचितच असेल. त्यासाठी सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळसर करून घेतात. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात दिवसेंदिवस आंबवतात, त्यात चिंचोक्याचं पीठ शिजवून दाटपणा आणतात, आणि बांबूच्या काडीनं रेघ ओढतात. हिरडा आणि लोह भेटले की रेघ काळी होते. लाल हवा तिथे तुरटी लावतात, मग अलिझरीन या रंगात उकळून लाल उठवतात, आणि वाहत्या पाण्यात धुतात. लाल टिकून राहतो. काळा मात्र सावकाश कापडाला जाळत जातो, कारण लोह आणि आम्ल दोन्ही सुताच्या तंतूला कुरतडतात. म्हणून जुन्या रंगीत कापडांत पुष्कळदा लाल जागा धड असतात आणि काळ्या रेघांच्या जागी नुसती फट उरते. बाह्यरेषाच नाहीशी झालेली देवी! अशा जुन्या तुकड्यावर आज कुणी नव्यानं शिवकाम करू पाहत असेल, तर आधी काळ्या भागावरून बोट फिरवावं. तिथे कापड कुरकुरीत लागलं तर तिथे सुई घालूच नये.

रेघ जमिनीहून, म्हणजे खालच्या कापडाहून, जड झाली की जमीन जाते.

फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार लुईझ बूर्ज्वाचं काम मला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवतं. तिच्या आईवडिलांचा पॅरिसजवळ जुन्या टॅपेस्ट्री दुरुस्त करण्याचा कारखाना होता. भिंतीवर टांगलेल्या त्या विणकामाची खालची कड आधी झिजायची, म्हणून चित्रातल्या माणसांचे आणि घोड्यांचे पाय गेलेले असायचे. लहान लुईझला ते पाय काढून द्यायचं काम होतं. तिनं रेघ काढायची आणि त्यावरून विणकरांनी रंग जुळवलेल्या लोकरीनं उरलेल्या धाग्यांत नवं विणायचं. चित्रकलेची याहून चांगली शाळा मला सुचत नाही. दुसऱ्यानं तीनशे वर्षांपूर्वी काढलेला गुडघा नीट पाहायचा, त्याचा भार कुठे पडतो ते ओळखायचं, आणि मग जे नाही ते असं काढायचं की त्यात आपला हात दिसू नये. पुढे ऐंशी ओलांडल्यावर तिनं स्वतःचे आणि आईचे कपडे कापून, शिवून शिल्पं केली. २००२ मध्ये, नव्वदी पार केल्यावर, लग्नात मिळालेल्या आद्याक्षरांच्या लिनन रुमालांचं एक पुस्तक केलं, पानोपानी जुन्या कपड्यांचे तुकडे. लिननचं पान बळकट आहे, त्यावर बसवलेले तुकडे नाजूक आहेत, आणि भार पानानं उचलला आहे. तिच्या त्या कामात मला कारागिराच्या मुलीचं शहाणपण दिसतं.

हाच विचार बडोद्याला पूर्वीपासून ठाऊक होता. खंडेराव महाराजांनी १८६०च्या दशकात करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा, जो २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला गेला, त्याच्या तळाला रेशमाबरोबर हरणाचं कातडं आहे. एवढ्या मोत्यांचं ओझं नुसत्या कापडानं पेललं नसतं. शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी, ज्या इथेच चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकल्या, हा प्रश्न वेगळ्याच बाजूनं सोडवला. त्यांनी कापडच बाजूला ठेवलं. हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीतल्या वाखाच्या, दोराला गाठी मारत मारत माणसाहून उंच आकृत्या उभ्या केल्या, ना माग, ना सुई. तिथे दोर हीच रेघ आणि दोर हीच जमीन, त्यामुळे एकानं दुसऱ्याला कापण्याचा प्रश्नच उरत नाही. पण ज्यांना कुणाच्या तरी अंगावरचं कापडच हवं आहे, त्यांना ही सुटका नाही.

त्यांनी सुरुवात कुठून करावी? कात्रीपासून तर नक्कीच नाही. लुगडं खिडकीच्या काचेवर किंवा दोन काठ्यांवर पसरून मागून उजेड येऊ द्यावा. एका माणसाचं सगळं आयुष्य तिथे विरळ आणि दाट जागांत दिसतं. काष्ट्याचा बसण्याकडचा भाग जवळजवळ जाळी झालेला, निऱ्यांची खालची कड उंबऱ्याला आणि जमिनीला घासून गेलेली, कमरेला खोचायची जागा सुरकुतून कायमची वळलेली, खांद्यावरची घडी विरलेली. पदर आणि काठ त्यामानानं धड. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ट्रंकेत राहिलेल्या लुगड्याला घडीच्या रेषेवरच चीर पडते. या सगळ्याचा आधी कागदावर नकाशा काढावा. मला वाटतं, पुष्कळदा हे चित्रच पुरेसं असतं. त्या बाईबद्दल आपण जे काढणार असतो त्यापेक्षा तिनं बसून, उठून, वाकून जे काढून ठेवलं आहे ते जास्त खरं असतं, आणि आपली पाठमोरी आकृती काष्ट्याच्या जाळीवर टाकायची की पदराच्या धड भागावर, हे तो नकाशाच सांगतो. मग कडेचा एक धागा ओढून काढावा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तोडून पाहावा. आता शिवायचा दोरा तसाच तोडून पाहावा. लुगड्याच्या धाग्यापेक्षा दोरा सहज तुटला पाहिजे. सहापदरी भरतकामाच्या सुती लडीतला एकच पदर घेऊन आधी हीच परीक्षा करावी. काळा आणि लाल दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग जातो का ते पाहावं. जात असेल तर तो दोरा या कामाचा नाही.

धुवायचं की नाही, हा प्रश्न शिवणकामाहून अवघड आहे. एकदा धुतलं की वास गेला, आणि वास परत आणता येत नाही. ट्रंकेतून काढलेल्या लुगड्याला वेखंडाचा, कापराचा, शिकेकाईचा, कधी मिश्रीचा वास असतो. ज्या घरातून ते आलं त्या घरच्यांना कदाचित त्यासाठीच ते ठेवायचं असतं. म्हणून आधी विचारावं, मग पाण्यात घालावं. हळदीच्या डागाचीही हीच गत. उन्हात तो उडून जातो आणि साबणाच्या खारानं लाल होतो. डाग हवा असेल तर ऊन आणि साबण दोन्ही टाळायचे. धुवायचं ठरलं तर ओलं कापड हातात उचलू नये. सूत ओलं असताना सुक्याहून बळकट असतं हे खरं, पण पाण्याचं वजन विरलेल्या जागेवर येतं. खाली नायलॉनची जाळी ठेवावी आणि जाळीसकट उचलावं. रेशमाला ही सवलत नाही, ते ओलं झालं की दुबळंच होतं.

आता जमीन तयार करायची. लुगड्याच्या रंगाच्या जवळचा मांजरपाट किंवा जाडसर मलमल घ्यावी, चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठी. ती आधी गरम पाण्यात दोनदा धुवावी. नव्या कापडात खळ असते आणि खळीला कसर लागते. शिवाय न धुतलेलं कापड नंतर आकसलं तर वरच्या जुन्या लुगड्याच्या चुण्या होतात आणि त्या निघत नाहीत. दोन्ही कापडांचे उभे-आडवे धागे एका दिशेला ठेवावेत. मधून सुरुवात करून बाहेर जात, तीन-चार इंचांच्या अंतरानं कच्चे टाके घालावेत. लाकडी रिंग लावू नये. ती विरलेल्या कापडावर गोल चीर पाडते, टेबलावर सपाट ठेवूनच शिवावं. चित्र उतरवायला पेन्सिल नको, कारण शिसं तंतूंत शिरतं आणि धुतल्यावर मळ होऊन राहतं. आपोआप उडणाऱ्या शाईचं पेनही नको, इस्त्री लागली की ती शाई कधीकधी पक्की बसते. जरदोजीवाले करतात तसा खाका करावा, म्हणजे बटरपेपरवर चित्र काढून रेघेवर सुईनं भोकं पाडायची आणि वरून खडूची कोरडी पूड चोळायची. केरोसिनमध्ये कालवलेली पूड ठसठशीत उमटते खरी, पण जुन्या कापडाला तिचा डाग आणि वास दोन्ही चिकटतात.

सुई नऊ किंवा दहा नंबरची, दोरा हातभर, जास्त नाही, कारण लांब दोरा पुनःपुन्हा कापडातून जाताना पिंजतो. सुई धाग्यांच्या मधल्या फटीतून जाऊ द्यावी, धाग्याला भोसकून नव्हे. त्यासाठी हात सावकाश चालवावा लागतो, त्याला इलाज नाही. सुरुवातीला गाठ मारू नये. गाठ विरलेल्या कापडातून आरपार निघून येते, म्हणून खालच्या मांजरपाटात दोन बारीक उलटे टाके घेऊन दोरा अडकवावा. सरळ रेघेला धावदोरा ठीक आहे. वळणावर मात्र टाके दाट करण्यापेक्षा दोरा नुसता वर आडवा ठेवून पाच-सहा मिलिमीटरवर बारीक आडव्या टाक्यांनी बांधत जावं. कापडाचे जतन करणारेही जीर्ण भाग असाच बांधतात. रेघ अखंड दिसते, भोकं कमी पडतात, ताण अनेक धाग्यांत वाटला जातो. पाठमोऱ्या बाईच्या पाठीला हेच हवं होतं.

चिलीमधल्या बायकांनी १९७३च्या लष्करी उठावानंतर पोत्याच्या तुकड्यांवर शिवलेली चित्रं, आरपिलेरा, खाली बळकट आणि वर नाजूक अशीच बांधणी वापरतात. लष्करी राजवटीनं नाहीसे केलेल्या नवऱ्यांच्या आणि मुलांच्या गोष्टी त्यांत आहेत. खाली पिठाचं पोतं, वर घरातल्या कपड्यांचे तुकडे, कधी त्याच माणसाच्या सदऱ्याचा. भार पोत्यावर, आठवण तुकड्यावर. काहींच्या मागे लहानसा खिसा असे आणि त्यात शिवणारीनं लिहिलेली चिठ्ठी. चित्रकार नीलिमा शेखांच्या काश्मीरवरच्या टांगत्या पटांच्या पाठीवरही मजकूर आहे. मागे फिरून वाचल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. आपल्याकडच्या कामांची पाठ भिंतीला टेकवून लपवतात, हे मला पटत नाही. मांजरपाटाच्या मागच्या बाजूला चार बोटांची सुती पट्टी शिवावी. लुगडं कुठून आलं, कापायची परवानगी कुणी दिली, धुतलं की नाही, दोरा कुठला, मूळ कापडाला किती भोकं नवी आहेत, हे त्यावर लिहावं. नाव घालायचं की नाही ते घरच्यांना विचारून. दुसऱ्याच्या दुःखावर काम केलं असं म्हणणाऱ्यानं निदान इतकं तरी लिहून ठेवावं.

टांगताना दोन कोपऱ्यांना खिळे ठोकू नयेत, सगळं वजन त्या दोन बिंदूंवर येतं. अस्तराच्या वरच्या कडेला, मूळ लुगड्याला न शिवता, तीन-चार इंचांची नळी शिवून त्यातून दांडी घालावी, म्हणजे भार सगळ्या रुंदीला सारखा पडतो. समोर पश्चिमेची खिडकी नको. उजेड ५० लक्सच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना सुरुवातीला मंद वाटेल इतकाच. दोन-तीन महिन्यांनी उतरवून घ्यावं आणि घडी न घालता, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळलेल्या जाड नळीवर चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळावं. प्लास्टिकच्या पिशवीत तर कधीच नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात आत ओल धरते आणि बुरशी लागते. शेजारी त्याच लुगड्याच्या उरलेल्या धड भागाचा, त्याच दोऱ्यानं शिवलेला वीतभर तुकडा लोकांना हात लावायला ठेवावा, कारण कापड समोर असताना हात लावू नका असं सांगणं क्रूरपणाचं आहे आणि लोक ऐकतही नाहीत. तो मळला की दुसरा शिवावा, आणि मळलेला फेकून न देता चिठ्ठीसोबत ठेवावा.